झाडपाल्याचं जंतनाशक खरंच चालतं का? शेळ्यामेंढ्यांवर नीट तपासायची पद्धत

"अमुक झाडाचा पाला खाऊ घातला आणि आठ दिवसात जंत साफ" असं सांगणारा व्हिडिओ रोज एक तरी समोर येतो, आणि खाली कमेंटमधे लोक विचारत असतात की डोस किती, सकाळी द्यायचा की संध्याकाळी. पण जंत साफ झाले हे कळलं कसं, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. लेंडीत जंत दिसले म्हणून? शेळी टवटवीत दिसायला लागली म्हणून? की खरंच कोणी मायक्रोस्कोपखाली अंडी मोजली, आणि मोजली तर पाला न दिलेल्या शेळ्यांचीही मोजली का?

या विषयात काम करणारे शास्त्रज्ञ तीन गोष्टी एकत्र धरतात, औषधी वनस्पती, जनावराचा आहार आणि परजीवी. एरवी ही तीन खाती वेगवेगळी असतात, वनस्पतीवाले अर्क काढून काचेच्या ताटलीत अळ्या मारतात, आहारवाले वजनवाढ बघतात आणि परजीवीवाले अंडी मोजतात. शेळीच्या पोटात मात्र हे तिन्ही एकाच वेळी चालू असतं. माझं स्पष्ट मत आहे की पाल्याकडे आधी चारा म्हणून बघायचं आणि मगच औषध म्हणून. असं बघितलं की ट्रायल कशी आखायची हे बरंचसं आपोआप ठरत जातं. पशुवैद्यक किंवा वनस्पतीशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्याकडे तीसेक जनावरांचा कळप आहे नि डोकं शांत ठेवून तपासायची तयारी आहे त्यांच्यासाठी खालचं सगळं आहे.

आधी शत्रू कोण ते ठरवा

"जंत" म्हणून एकच प्राणी नसतो. गोलकृमी वेगळे, पट्टकृमी वेगळे, लिव्हरफ्लूक वेगळा, आणि लहान करडांच्या हगवणीमागे बऱ्याचदा कॉक्सिडिया असतो जो मुळात जंतच नाही, एकपेशीय परजीवी आहे, त्यामुळे त्याच्यावर जंतनाशकाचा उपयोग होत नाही. एकाच ट्रायलमधे सगळ्यांवर औषध शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, तेव्हा एक निवडा.

बहुतेक लोक हिमाँकस कॉन्टॉर्टस हा गोलकृमी निवडतात आणि ते बरोबरच आहे. उष्ण आणि दमट हवेत शेळ्यामेंढ्यांना सगळ्यात जास्त मारणारा हाच. जनावराच्या चौथ्या पोटात राहतो, रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण १,००० जंत असले तर दिवसाला ५० मिली झालं आणि ३० किलोच्या शेळीत एकूण रक्तच जेमतेम दोन लिटर असतं. म्हणजे रोज अडीच टक्के रक्त जातंय आणि त्याबरोबर ढोबळमानाने सहा-सात ग्रॅम प्रोटीनसुद्धा. आहाराचा मुद्दा इथूनच सुरू होतो, ज्या शेळीच्या चाऱ्यात प्रोटीन भरपूर आहे ती हे नुकसान भरून काढते आणि तिची प्रतिकारशक्तीही बरी चालते, उपाशी शेळी तेवढ्याच जंतांनी आडवी होते.

एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. लेंडीतून बाहेर पडलेल्या अंड्यातून अळी निघते, ऊब आणि ओल असेल तर साधारण आठवड्याभरात ती संसर्ग करण्याजोगी होते, ओल्या गवतावर चढते, शेळी ते गवत खाते आणि मग पोटात गेल्यापासून नवीन अंडी लेंडीत दिसेपर्यंत अंदाजे तीन आठवडे जातात. हे तीन आठवडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारेत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तयार औषधं हळूहळू निकामी होतायत. थायाबेंडाझोल १९६१ मधे आलं आणि त्याला दाद न देणारा हिमाँकस १९६४ मधे नोंदवलाही गेला. आयव्हरमेक्टिन १९८१ मधे बाजारात आलं, त्याचंही पुढे तेच झालं. झाडपाला शोधायला कारण आहे, पण म्हणून कुठलाही पाला चालेल असं होत नाही.

झाड: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

झाडाचं स्थानिक नाव पुरत नाही. एकाच नावाची दोन-तीन झाडं असतात आणि एकाच झाडाला दहा नावं. फुलाफळासकट फांदी दाबून वाळवा, हर्बेरियमला (वाळवलेल्या झाडांचे नमुने जपणारी संस्था) द्या, जाणकाराकडून ओळख पक्की करून नंबर घ्या. हा नंबर नसेल तर तुमचं काम दुसऱ्या कोणाला परत करून बघता येणार नाही.

मग लिहून ठेवा की कुठला भाग घेतला, कोवळी पानं की जून, फुलोऱ्याआधी की नंतर, कुठल्या महिन्यात. टॅनिनचं, म्हणजे पाल्यातल्या तुरट पदार्थाचं, प्रमाण याने भरपूर बदलतं, त्याच झाडाचा पाला एका ऋतूत काम करतो आणि दुसऱ्या ऋतूत नाही असं होतं. वाळवायचं सावलीत, यंत्रात वाळवणार असाल तर ४०° सेल्सिअसच्या वर जाऊ नका. उकळून काढा करायची सवय सगळ्यांना असते पण उष्णतेने मोडणारे पदार्थ बरेच आहेत. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांची गोष्ट माहीत असेल, मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनच्या शोधात उकळलेला अर्क धड चालत नव्हता, चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या जुन्या नोंदीत ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी १९७१ मधे ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला, मग जमलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षीचं उरलेलं अर्धं नोबेल आयव्हरमेक्टिनच्या मागच्या कामासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना.

जुन्या माहितीचा उपयोग असा होतो, यादी छोटी करायला. वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा ही नावं जंतांसाठी पिढ्यानपिढ्या घेतली जातात आणि त्यात तथ्य आहे, किरमाणी ओव्यातलं सँटोनिन तर एकेकाळी माणसांच्या जंतांवरचं नेहमीचं औषध होतं. पपईच्या चिकातली एन्झाइम्स जंताची बाहेरची कातडी पचवतात. पण माणसाच्या आतड्यातल्या जंतावर चालणारी गोष्ट रवंथ करणाऱ्या जनावराच्या चौथ्या पोटात चालेलच असं नाही, मधे रुमेन, म्हणजे चारा आंबतो ते पहिलं मोठं पोट, आहे आणि रुमेनमधले जंतू औषधाचा आधी फडशा पाडू शकतात. कडुनिंब लॅबमधे छान दिसतो, जिवंत जनावरातले रिझल्ट मात्र एकसारखे नाहीत. लसणाचंही फार कौतुक नको. याउलट टॅनिनवाल्या चाऱ्याचं काम बऱ्यापैकी टिकून आहे, अमेरिकेत सेरिसिया लेस्पेडेझा आणि युरोपात सेनफॉइन, दोन्हींवर शेळ्यामेंढ्यांत भरपूर ट्रायल झाल्यात आणि दोन्ही मुळात चारापिकंच आहेत हे बघा.

माहिती एखाद्या समाजाकडून किंवा वैदूकडून घेतली असेल तर त्यांची परवानगी आणि फायद्यातला वाटा हा कागदावर हवा. २०१० चा नागोया करार त्यासाठीच आहे.

विषारीपणा आधीच तपासा, जनावराला दिल्यावर नाही. घाणेरी (टणटणी) खाल्ली की यकृत जातं आणि उन्हाने कातडी सोलते, कण्हेरीची थोडी पानंसुद्धा जीव घेतात. सुबाभूळ जरा मजेशीर प्रकरण आहे. त्यातलं मिमोसिन ऑस्ट्रेलियात जनावरांना बाधत होतं आणि हवाईतल्या शेळ्या तोच पाला आरामात खात होत्या, नंतर कळलं की हवाईच्या शेळ्यांच्या रुमेनमधे ते विष मोडणारा जिवाणू आहे, मग तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडला आणि प्रश्न सुटला. म्हणजे "आमच्याकडे सगळे खायला घालतात, काही होत नाही" हा पुरावा फक्त त्यांच्या कळपापुरता असतो.

लॅबमधली टेस्ट, चाळणीपुरती

पाला बारीक करा, अर्क काढा. टॅनिन हवं असेल तर ७० भाग अॅसिटोन आणि ३० भाग पाणी हे नेहमीचं. किती पाल्यातून किती अर्क निघाला ते लिहा, हा आकडा लोक टाळतात आणि तोच पुढे लागतो.

सोपी टेस्ट म्हणजे अंडी उबवण्याची. ताज्या लेंडीतून अंडी वेगळी करायची, २४ खळ्यांच्या प्लेटमधे प्रत्येक खळ्यात साधारण १०० अंडी, अर्काचे वेगवेगळे डोस, २५ ते २७° सेल्सिअसला ४८ तास, मग लुगॉल आयोडीनचा थेंब टाकून सगळं थांबवायचं आणि किती अंडी फुटली, किती तशीच राहिली ते मोजायचं. यासाठीची लेंडी फ्रिजमधे ठेवू नका, गारठ्याने अंडी नीट उबत नाहीत. शक्यतो तीन तासात काम सुरू करा.

टॅनिनसाठी दुसरी टेस्ट जास्त उपयोगी पडते. संसर्ग करणाऱ्या अळीच्या अंगावर जुन्या कातडीचं आवरण असतं, पोटात गेल्यावर ते उतरलं तरच ती घर करते. अळ्या तीन तास अर्कात ठेवायच्या, धुवायच्या, मग पातळ सोडियम हायपोक्लोराइटने आवरण उतरवायला लावायचं आणि दर २० मिनिटांनी तासभर बघायचं. टॅनिन असेल तर आवरण उतरतच नाही किंवा उशिरा उतरतं.

प्लेटमधे तीन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची खळी, हवीतच: नुसतं पाणी, अर्क ज्यात विरघळवला तो द्रव (डीएमएसओ स्वतःच अळ्यांना त्रास देतो, एक टक्क्याच्या आत ठेवा) आणि ओळखीचं औषध. शिवाय एका रांगेत अर्काबरोबर पीव्हीपीपी घाला, ते टॅनिनला धरून ठेवतं. परिणाम गायब झाला तर काम टॅनिनचं, नाही झालं तर दुसरंच काहीतरी आहे.

प्लेटमधून पोटात: हा हिशोब कागदावर करा

इथे बहुतेक प्रोजेक्ट मरतात आणि खरं तर मेलेलेच बरे. समजा तुमचा अर्क मिलीला ५ मिलीग्रॅमला छान चालला. शेळीच्या रुमेनमधे पाच लिटर द्रव धरला (कमीच धरतोय) तर तेवढं प्रमाण गाठायला २५ ग्रॅम अर्क लागणार. पाल्यातून अर्क निघतो १० टक्के, म्हणजे २५० ग्रॅम सुका पाला. ३० किलोची शेळी दिवसाला सुकं खाणार साधारण एक किलो. म्हणजे तिच्या खाण्याचा पाव भाग हा पालाच हवा, आणि तोही रोज, कारण रुमेनमधला माल पुढे सरकत राहतो.

आता सांगा, हे औषध झालं की चारा? चमचाभर चूर्ण पाजून होणारं काम हे नाही. तुमचा हिशोब दोन किलो पाला सांगत असेल तर तिथेच थांबा, जनावरांना त्रास देऊ नका. पाव-अर्धा किलो येत असेल तर पुढचा प्रश्न की शेळी तेवढा खाईल का. चार-पाच शेळ्यांपुढे ठेवून बघा, रोज वजन करून टाका, उरलेलं वजन करा, आठवडाभर.

आणि पाल्याचं पृथक्करण करून घ्या: प्रोटीन, तंतू, टॅनिन. एकूण खाण्यात टॅनिन साधारण २ ते ४ टक्के असेल तर फायदा दिसतो, टॅनिन प्रोटीनला धरून रुमेनमधून सुखरूप पुढे नेतं आणि शेळीला ते आतड्यात मिळतं. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेलं की खाणं कमी होतं, पचन बिघडतं, वजन उतरतं. जंत कमी आणि शेळी खंगलेली, असा रिझल्ट काय कामाचा?

गट कसे पाडायचे

माझ्या दृष्टीने अख्ख्या ट्रायलचा जीव इथे आहे. नेहमीची चूक अशी की एका गटाला नेहमीचा सुका चारा आणि दुसऱ्याला तोच चारा अधिक पाला. पाल्यात प्रोटीन १८-२० टक्के, सुक्या चाऱ्यात पाच-सहा. महिन्याने पालावाला गट चांगला दिसतो आणि पेपरमधे येतं की वनस्पतीने जंत कमी केले. अहो, पेंड दिली असती तरी तेच झालं असतं.

म्हणून तीन गट करा. पहिल्याला पाला नाही, पण प्रोटीन आणि ऊर्जा पालावाल्या गटाइतकीच, पेंड वगैरे घालून बरोबरी करायची. दुसऱ्याला पाला. तिसऱ्याला तोच पाला पण सोबत पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणजे पीईजी, जे टॅनिनला पकडून बसतं आणि निकामी करतं, किती द्यायचं ते पाल्यातल्या टॅनिनवरून ठरवा. दुसऱ्या गटात अंडी कमी झाली आणि तिसऱ्यात नाही झाली तर काम टॅनिनचं. दोन्हीत सारखीच कमी झाली तर पाल्यात दुसरं काही आहे. आणि तिन्ही गट सारखेच निघाले तर तुम्हाला जे दिसत होतं ते प्रोटीन होतं, तेही कळणं वाईट नाही. जागा आणि जनावरं असतील तर चौथा गट तयार औषधाचा ठेवा.

एका गटात दहाच्या खाली जाऊ नका. जंत कळपात सारखे वाटलेले नसतात, साधारण पाचातल्या एक-दोन जनावरांत बहुतेक जंत असतात. चार-चारचे गट पाडले आणि तीन जंताळ शेळ्या एकाच गटात गेल्या की संपलं. म्हणून आधी सगळ्यांची अंडी मोजा, वजनं घ्या, जास्त अंड्यांपासून कमीपर्यंत रांग लावा, वरच्या तीन घेऊन चिठ्ठ्या टाकून एकेक गटात, मग पुढच्या तीन. वय, जात शक्यतो सारखी. विण्याच्या तोंडाशी असलेल्या आणि नुकत्याच व्यालेल्या शेळ्या घेऊ नका, त्या काळात अंड्यांची संख्या आपसूक चढते. गेल्या दोन-तीन महिन्यात जंतनाशक दिलेल्या तर नकोतच.

एथिक्स कमिटीची मंजुरी सुरुवातीआधी, आणि तिच्यातच सुटकेचा नियम लिहून ठेवा: डोळ्याची आतली त्वचा पांढरीफटक किंवा रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली गेलं की त्या शेळीला चालणारं औषध आणि ती ट्रायलच्या बाहेर. हे आधी ठरवलेलं नसलं की ऐनवेळी "अजून दोन दिवस बघू" होतं.

डोळे बघायला फामाचा कार्ड वापरा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं, पाच रंगांचं, १ लालबुंद आणि ५ पांढरं. फक्त हिमाँकससारख्या रक्त पिणाऱ्यांसाठीच आहे, बाकी जंतांनी डोळा पांढरा पडेलच असं नाही. कार्ड उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

लेंडी मोजणं

ग्लोव्ह घालून थेट गुदद्वारातून चार-पाच ग्रॅम घ्या, जमिनीवरची नको, ती कोणाची ते कळत नाही आणि त्यात मातीतले भलतेच कृमी येतात. पिशवीतली हवा दाबून काढा, शेळीचा नंबर लिहा, मोजायचं असेल तर ४° सेल्सिअसला ठेवा, पण गोठवू नका. बाहेर उन्हात राहिली तर अंडी दिवसभरात उबायला लागतात आणि मग मोजायला काही उरत नाही.

मॅकमास्टर पद्धत अशी. २ ग्रॅम लेंडी, २८ मिली मिठाचं संपृक्त पाणी ज्याचं विशिष्ट गुरुत्व १.२० आहे, हायड्रोमीटरने बघा, अंदाजाने नको. चुरून, गाळून, चांगलं ढवळून लगेच पिपेटने स्लाइडच्या दोन्ही कप्प्यांत भरा, थांबलात तर अंडी वर जातात आणि पिपेटमधे येत नाहीत. आता पाच मिनिटं थांबा, अंडी काचेला येऊन चिकटतात. फोकस रेघांवर लावा, खाली तळाशी नाही. हिमाँकस आणि त्याच्या भावकीची अंडी लांबट गोल, पातळ कवचाची, ७० ते ९० मायक्रॉन, आत द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी. जाड काळी कडा असलेला गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा, नवीन माणूस हमखास तो मोजतो. अगदी बारीक, स्वच्छ, गोलसर दिसतात ते कॉक्सिडियाचे, त्यांचा वेगळा रकाना ठेवा. एक कप्पा ०.१५ मिलीचा, दोन्ही कप्प्यांतली बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. फ्लूकची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, इथे दिसली नाहीत म्हणून फ्लूक नाही असं समजू नका.

मोजणाऱ्याला कुठली लेंडी कुठल्या गटाची ते कळता कामा नये. नंबर बदलून द्या. कितीही प्रामाणिक माणूस असला तरी माहीत असलं की काठावरचं अंडं सोयीने मोजलं जातं.

आणि अंड्यावरून जंताची जात ओळखू येत नाही, सगळी सारखीच दिसतात. त्यासाठी प्रत्येक गटाची थोडी लेंडी एकत्र करून २५-२७° ला आठवडाभर ओलसर ठेवा, अळ्या काढून ओळखा. हिमाँकसवर चालणारा पाला बाकीच्यांवर चालत नसेल तर एकूण आकड्यात ते लपतं.

आता एक फसवी गोष्ट. टॅनिनमुळे पचन कमी झालं तर शेळी जास्त लेंडी टाकते, म्हणजे तेवढीच अंडी जास्त लेंडीत पसरतात आणि ग्रॅमचा आकडा जंत न मरताच उतरतो. पातळ हगवणीतही तेच. म्हणून लेंडीचा ओलावा मोजून सुक्या वजनावर हिशोब करा आणि ट्रायलच्या मधे दोन-तीन दिवस तरी काही शेळ्यांना पिशवी बांधून दिवसाची एकूण लेंडी तोला. दिवसाची एकूण अंडी हाच खरा आकडा.

वेळापत्रक

पहिले दहा-चौदा दिवस फक्त नव्या खाण्याची सवय, पाला हळूहळू वाढवत. मग सहा आठवडे ट्रायल. दोन आठवड्यात आवरू नका, ते मघाचे तीन आठवडे आठवा: पाला जर नवीन अळ्यांना पोटात घर करू देत नसेल तर त्याचा परिणाम लेंडीत तीन आठवड्यांनीच दिसणार, त्याआधी जी अंडी दिसतात ती जुन्या जंतांची. लेंडी दर आठवड्याला, शक्यतो त्याच वेळी. वजन आणि फामाचा दर पंधरवड्याला, रक्त सुरुवातीला, मधे आणि शेवटी. दिलेलं आणि उरलेलं खाणं रोज.

तिन्ही गट एकाच प्रकारच्या कुरणावर हवेत, किंवा मग सगळे गोठ्यात बांधून मोजून अळ्या पाजलेल्या. अळ्या गवताच्या खालच्या पाचेक सेंटीमीटरमधे जास्त असतात, त्यामुळे एक गट झुडपं खातोय आणि दुसरा जमिनीलगतचं गवत, तर तुम्ही पाला तपासतच नाही आहात.

सहा आठवड्यांनी पाला बंद करा आणि अजून दोन आठवडे मोजत रहा. हे सहसा कोणी करत नाही. पाला थांबवल्यावर अंडी परत उसळी मारून वर आली तर जंत मेले नव्हते, माद्या फक्त अंडी कमी घालत होत्या. ते वाईट नाही बरं का, अंडी कमी म्हणजे कुरणावर अळ्या कमी. पण मग त्याला जंतनाशक म्हणू नका. नक्की उत्तर हवं असेल तर काही जनावरं कापून चौथ्या पोटातले जंत मोजावे लागतात, त्यांची लांबी आणि मादीच्या पोटातली अंडी बघावी लागतात. कमिटीने परवानगी दिली असेल तरच, आणि एरवीही कत्तलीला जाणारी जनावरं असतील तर उत्तम.

आकडे

समजा सुरुवातीला कंट्रोल गटाची सरासरी १,२०० आणि पालावाल्यांची १,१८०. सहा आठवड्यांनी कंट्रोल २,४०० आणि पालावाले १,३००. नुसतं आधी-नंतर बघितलं तर पाल्याने अंडी वाढली! कंट्रोलशी तुलना केली तर १,३०० भागिले २,४००, म्हणजे ५४ टक्के उरली, ४६ टक्के घट. पावसाळी हवेत कंट्रोलशिवायचा आकडा असा उलटाही पडतो, आणि कोरड्या दिवसात अळ्या आपसूक कमी झाल्या की कुठलाही पाला रामबाण ठरतो, व्हिडिओतले चमत्कार बरेचसे तिथलेच.

४६ टक्के ऐकून नाक मुरडू नका. तयार औषधासाठी ९५ टक्क्यांच्या आसपासची अपेक्षा धरतात, पण तो निकष एका डोसात जंत मारणाऱ्या गोष्टीचा आहे. रोजच्या चाऱ्यातून निम्मी अंडी कमी होत असतील, वजन टिकत असेल आणि औषध द्यावं लागणाऱ्या शेळ्या निम्म्यावर येत असतील तर कळप चालवायला ते पुष्कळ आहे. म्हणून "सहा आठवड्यात कुठल्या गटातल्या किती शेळ्यांना औषध द्यावं लागलं" हा रकाना मी तरी सगळ्यात आधी वाचतो.

सरासरी साधी घ्या पण सोबत विश्वासमर्यादा (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा) द्या, आणि प्रत्यक्ष काचेखाली किती अंडी मोजली तेही सांगा. २०२३ मधे सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय सूचनांमधे यावर भर आहे, कारण एका गटात मिळून तीनच अंडी दिसली आणि गुणिले ५० केलं तर आकडा मोठा होतो, माहिती वाढत नाही. विश्लेषणात शेळी मोजायची, लेंडी नाही, एका शेळीचे सात नमुने म्हणजे सात शेळ्या नव्हेत. शंका असेल तर संख्याशास्त्रवाल्याला ट्रायल सुरू व्हायच्या आधी भेटा, नंतर गेलात तर तो फक्त सांत्वन करतो.

दूध-मांसाचं विसरू नका, झाडातले पदार्थही दुधात उतरू शकतात, नैसर्गिक आहे म्हणून सूट नाही. ट्रायलमधल्या शेळ्यांचं दूध विक्रीला न जाणं बरं.

लिहिताना परिणाम न दिसलेला पालाही लिहा, त्याच्या टॅनिनच्या आकड्यासकट, म्हणजे पुढचा माणूस तोच पाला परत तोडत बसणार नाही. आणि प्रत्येक तोडणीतला शंभरेक ग्रॅम सुका पाला हवाबंद, अंधारात, तारीख आणि हर्बेरियम नंबर टाकून जपून ठेवा, पेपर छापून होईपर्यंत तरी. रिझल्ट विचित्र आले की पहिली शंका येते ती मधल्या एखाद्या तोडणीत टॅनिन कमी होतं का अशी, आणि ते परत मोजायला तोच पाला लागतो.